मोबाइलच्या स्क्रीनला पिक्सल किती घ्यायचे? पहिल्यांदाच विचार करणाऱ्यांसाठी

दुकानात गेलं की काउंटरवरचा मुलगा पहिल्या दोन मिनिटांत "सर, टूके डिस्प्ले आहे" म्हणतो आणि आपण मान डोलावतो, कारण टूके म्हणजे फुल एचडीपेक्षा काहीतरी मोठं एवढं कळतं, पण त्या मोठेपणाने आपल्या रोजच्या वापरात नक्की काय बदलणार आणि त्यासाठी बॅटरीतून नि खिशातून किती जाणार हे ना तो सांगतो ना बॉक्सवर छापलेलं असतं. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच जाऊ शकतात. फोनला ४०० पीपीआयच्या (एका इंचात बसणारे पिक्सल, म्हणजे चित्र बनवणारे बारीक चौकोन) आसपास आलात की थांबा, हातात धरून गेम खेळायच्या मशीनला कमीच बरं, आणि ई-रीडरला, म्हणजे किंडलसारख्या पुस्तकं वाचायच्या यंत्राला, मात्र ३००च्या खाली जाऊ नका. तीन वेगळी उत्तरं यायचं कारण एकच, प्रत्येक पिक्सलचं भाडं असतं आणि ते भाडं प्रत्येक यंत्रात वेगळं पडतं.

पायरी १: आधी पीपीआय काढा

बॉक्सवरच्या नावांवर जाऊ नका, ती नावं गोंधळ घालायलाच आहेत असं कधीकधी वाटतं. "एचडी प्लस" म्हणजे साधारण ७२० बाय १६००, ऐकायला भारी पण सगळ्यात खालची पायरी. "फुल एचडी प्लस" म्हणजे १०८० बाय २४०० च्या आसपास. मध्ये "दीडके" म्हणून एक प्रकार आलाय तो साधारण १२२० बाय २७१२. आणि क्यूएचडी प्लस किंवा टूके म्हणतात ते १४४० बाय ३१२० वगैरे.

पीपीआय म्हणजे एका इंचात किती पिक्सल बसलेत ते. शाळेतला पायथागोरस आठवा, रुंदीचा वर्ग अधिक उंचीचा वर्ग, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि स्क्रीनच्या इंचांनी भागायचं. ६.७ इंची फोन धरला तर एचडी प्लसला २६२ येतात, फुल एचडी प्लसला ३९३, दीडकेला ४४५ च्या आसपास आणि टूकेला पाचशेच्या वर. हा एक आकडा काढलात की अर्धी जाहिरात गळून पडते. कारण तेच ७२० पिक्सल पाच इंची फोनवर चांगले दिसायचे, स्क्रीन पावणेसात इंचांची झाली आणि पिक्सल तेवढेच राहिले तर अक्षर फाटणारच ना.

पायरी २: फोन डोळ्यापासून किती लांब धरता ते मोजा

खरंच मोजा, घरात शिवणकामाची टेप असेल ती घ्या आणि दुसऱ्या कोणालातरी मोजायला सांगा, कारण स्वतः मोजायला गेलं की आपण फोन उगाच लांब धरतो. बहुतेक लोकांचं अंतर २५ ते ४० सेंटीमीटरमध्ये कुठेतरी येतं.

आता हिशेब असा. चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावर ज्याची नजर नॉर्मल येते त्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा वेगळा दिसतो. ते पीपीआयमध्ये बसवलं तर ८७०० ला सेंटीमीटरमधल्या अंतराने भागायचं. ३० सेंटीमीटरला २९० येतात, २५ ला साधारण ३५०, ४० ला २१८. २०१० मध्ये आयफोन ४ आला तेव्हा स्टीव्ह जॉब्जनी रेटिना डिस्प्ले म्हणून जे सांगितलं ते हेच होतं, दहा-बारा इंचावर धरलं की ३०० च्या आसपास डोळ्याची मर्यादा येते, आणि त्या फोनला होते ३२६. त्याच्या आधीच्या आयफोनला बरोबर निम्मे, १६३.

पण ३०० ही भिंत नाहीये. तरुण मुलांची नजर तक्त्यावरच्या "नॉर्मल"पेक्षा पुष्कळदा चांगली असते, आणि दुसरं म्हणजे दोन ठिपके वेगळे दिसणं आणि एखादी रेघ किंचित सरकलेली ओळखणं यात डोळा दुसऱ्या कामात जास्त तरबेज असतो, त्यामुळे तिरप्या रेघेचे दातरे ३०० च्या वरही काही जणांना जाणवतात. म्हणून मी ३०० वर न थांबता ४०० म्हणतोय. ५०० च्या पुढचं मात्र भिंग लावल्याशिवाय कोणाला दिसत असेल असं मला वाटत नाही.

पायरी ३: देवनागरी उघडून बघा (ही पायरी गाळू नका)

यूट्यूबवरचे सगळे रिव्ह्यू इंग्रजी अक्षरं बघून केलेले असतात. इंग्रजीचा ए किंवा ओ कमी पिक्सलमध्येही निभावून जातो, आपल्याकडे एका अक्षराच्या उंचीत वर वेलांटी नि रफार, मध्ये जोडाक्षर, खाली उकार नि ऋकार एवढं सगळं कोंबायचं असतं. घ आणि ध, भ आणि म, यांच्यातला फरक शिरोरेघेजवळच्या इवल्याशा गाठीचा किंवा फटीचा आहे, तिथे दीड-दोन पिक्सल मिळाले की वाचताना अंदाजाने पुढे जावं लागतं. आपण लक्षात न येता संदर्भावरून वाचतो, पण दिवसभर तसं वाचून डोळे शिणतात ते शिणतातच.

म्हणून दुकानात डेमोचा तो रंगीबेरंगी पोपटाचा नाहीतर समुद्राचा व्हिडिओ बंद करायला सांगा, कुठलाही फोन त्यात छानच दिसतो. नोट्समध्ये किंवा व्हॉट्सॲपमध्ये स्वतःच टाइप करा: महाराष्ट्र, सूक्ष्म, उद्ध्वस्त, दारिद्र्य, वैशिष्ट्य, कर्तृत्व, धृतराष्ट्र. फॉन्ट सगळ्यात लहान करा, फोन नेहमीच्या अंतरावर धरा आणि उद्ध्वस्त मधला द, ध, व वेगळा दिसतोय का बघा. मग तेच शेजारच्या स्वस्त फोनवर. २६२ पीपीआय आणि ३९३ पीपीआय यांतला फरक तुम्हाला तिथल्या तिथे दिसेल, आणि ३९३ नि ५०० मधला बहुधा दिसणार नाही. दिसला तर घ्या बापडे, तुमचे डोळे चांगले आहेत.

पीडीएफ वाचणाऱ्यांसाठी जरा वेगळं. सातबारा, निवडणुकीची यादी, जुन्या पुस्तकांचे स्कॅन, ही पानं ए४ मापाची असतात आणि ए४ ची रुंदी साडेआठ इंचाला जरा कमी. फोन उभा धरून अख्खं पान बसवलं तर ७२० च्या स्क्रीनवर कागदाच्या एका इंचाला ८७ पिक्सल मिळतात, १०८० वर १३०, १४४० वर १७४. म्हणजे टूके घेऊनही सातबाऱ्यावरचे बारीक आकडे नीट वाचता येणार नाहीत, शिवाय ते आकडे प्रत्यक्षात मुंगीएवढे दिसत असतात ते वेगळंच. पण १०८० चा फोन आडवा केला की तेच २९० होतात! फुकटात. म्हणून ज्यांचं काम पीडीएफचं आहे त्यांनी जास्त पिक्सलचा फोन घेण्यापेक्षा फोन आडवा करायची सवय लावावी, नाहीतर टॅबलेट घ्यावा.

पायरी ४: पॅनल एलसीडी आहे का ओलेड ते विचारा

हे का, तर एलसीडीच्या प्रत्येक पिक्सलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके असतात, पण फोनमधल्या बहुतेक ओलेड, म्हणजे ॲमोलेड वगैरे, पॅनलमध्ये पिक्सलमागे दोनच ठिपके येतात, हिरवा प्रत्येकाला आणि लाल-निळा आलटून पालटून. याला पेनटाइल म्हणतात. म्हणजे कागदावर ३९३ पीपीआय असले तरी लाल आणि निळ्याच्या बाबतीत ते २७८ च्या आसपासच भरतात. रोजच्या वापरात फुल एचडी प्लसला हे खुपत नाही, कारण हिरवा पूर्ण असतो आणि बारकावा आपल्याला मुख्यतः हिरव्यातूनच कळतो. पण एचडी प्लस ॲमोलेड दिसला तर सावध व्हा, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांच्या कडा केसाळ दिसतात. त्यापेक्षा एचडी प्लस एलसीडी अक्षरांना बरा.

२०१८ चा आयफोन एक्सआर आठवतो का? १७९२ बाय ८२८, लोकांनी "एवढ्या पैशांत फुल एचडी पण नाही" म्हणून यथेच्छ नावं ठेवली. पण तो एलसीडी होता आणि पीपीआय ३२६, म्हणजे आयफोन ४ इतकेच, आणि तीनही ठिपके पूर्ण. फोन धडाक्यात खपला. ज्यांनी वापरला त्यांच्यातले किती जण अक्षर फाटतं म्हणून ओरडले ते आजूबाजूला विचारून बघा.

पायरी ५: भाडं कुठून जातं ते समजून घ्या

एलसीडीत पिक्सलच्या मागून दिवा लागलेला असतो आणि प्रत्येक पिक्सलला स्वतःचे ट्रान्झिस्टर नि तारा लागतात. त्या उजेड अडवतात. पिक्सल लहान केले की त्यातली प्रकाश जायची जागा आणखी कमी होते, मग तेवढाच उजेड बाहेर यायला मागचा दिवा जास्त पेटवावा लागतो. याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे २०१२ चा तिसरा आयपॅड. पिक्सल बरोबर चौपट केले, १०२४ बाय ७६८ वरून २०४८ बाय १५३६. कंपनीने बॅटरीचा वेळ आधीसारखाच दहा तास सांगितला, पण तो गाठायला बॅटरी २५ वॉट-अवरची ४२.५ करावी लागली, जाडी ८.८ मिलिमीटरची ९.४ झाली, वजन पन्नासेक ग्रॅम वाढलं, गरम होतो म्हणून बोंब झाली ती झालीच, आणि मार्चमध्ये आलेला तो आयपॅड ऑक्टोबरात चौथा आणून बाजूला केला. स्क्रीन मात्र खरंच सुंदर होती, ते नाकारण्यात अर्थ नाही, १३२ वरून २६४ पीपीआय हा फरक आंधळ्यालाही दिसावा असा होता. म्हणजे तिथे भाडं भरून काहीतरी मिळालं.

आता उलटं उदाहरण. सोनीने २०१५ मध्ये एक्सपीरिया झेड५ प्रीमियम काढला, साडेपाच इंचात ४के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट पिक्सल, ८०६ पीपीआय. गंमत म्हणजे फोटो आणि व्हिडिओ सोडून बाकी सगळं तो फोन १०८०पी मध्येच, म्हणजे फुल एचडीतच, दाखवायचा! त्यानंतर २०१९ पासून एक्सपीरिया १ मालिकेतही ४के चालू ठेवलं आणि २०२४ च्या एक्सपीरिया १ सहाव्या पिढीत चुपचाप १०८० बाय २३४० वर उतरले. ज्या कंपनीने हा हट्ट सगळ्यात जास्त वर्षं धरला तिनेच सोडून दिला, याच्यावर आणखी काय बोलायचं.

सॅमसंगचंही तसंच आहे. २०१७ चा एस८, पॅनल १४४० चा पण बॉक्समधून काढल्यावर सेटिंग फुल एचडी प्लसचं. २०२० च्या एस२० मध्ये ग्राहकापुढे सरळ प्रश्नच टाकला होता, १२० हर्ट्झ (चित्र सेकंदाला १२० वेळा बदलणं) पाहिजे का पूर्ण रेझोल्युशन (पॅनलचे सगळे पिक्सल), दोन्ही एकदम मिळायचं नाही. पुढच्या वर्षी एस२१ अल्ट्राला दोन्ही एकदम दिलं पण साध्या एस२१ चं पॅनलच फुल एचडी प्लस केलं. ज्यांनी दोन्ही मोड वापरून पाहिले त्यातले बहुतेक १२० हर्ट्झवरच राहिले, कारण बोटाखाली सरकणारी यादी गुळगुळीत झालेली लगेच जाणवते आणि पिक्सल वाढलेले शोधावे लागतात.

ओलेडमध्ये मागचा दिवा नसतो, तिथे बॅटरी खाते ती मुख्यतः ब्राइटनेस आणि स्क्रीनवर पांढरं किती आहे ती गोष्ट. तरी ग्राफिक्स चिपला काम वाढतंच, १०८० बाय २४०० म्हणजे २५.९ लाख पिक्सल आणि १४४० बाय ३१२० म्हणजे ४४.९ लाख, हे सेकंदाला ६० नाहीतर १२० वेळा रंगवायचे. मेसेज वाचताना हा फरक फारसा पडत नाही, सतत हलणारं काही चालू असलं की पडतो.

पायरी ६: तुम्ही बघता ते त्या दर्जाचं असतं का

ही थोडक्यात. नेटफ्लिक्सने भारतात २०२१ च्या डिसेंबरात १४९ रुपयांवर आणलेला मोबाइल प्लॅन ४८०पी, म्हणजे फक्त ४८० ओळींचं चित्र, देतो, म्हणजे टूकेची स्क्रीन घेऊन त्याच्यावर ४८०पी बघायचं. शिवाय फोनला वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखायची व्यवस्था) एल१ दर्जाचं नसेल, खालचं एल३ च असेल, तर प्लॅन कितीही महागाचा घ्या, अशी ॲप एचडी देतच नाहीत. घेण्याआधी त्या मॉडेलचं एल१ आहे का ते शोधून ठेवा, स्क्रीनच्या पिक्सलपेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे आणि कोणी विचारत नाही. यूट्यूबला १४४०पी लावता येतं, लावा, डेटा पॅक दुपारपर्यंत संपेल.

पायरी ७: गेमिंगची मशीन घेत असाल तर

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त फसतात कारण फोनची सवय लागलेली असते आणि "एवढ्या पैशांत फक्त ८०० पी?" असं वाटतं. स्टीम डेक हे हातात धरून पीसीचे गेम खेळायचं मशीन, त्याची स्क्रीन १२८० बाय ८००, सात इंची, २१६ पीपीआय. ओलेडवाला डेक २०२३ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा स्क्रीन ७.४ इंच केली, ९० हर्ट्झ दिले, बॅटरी ४० वॉट-अवरची ५० केली, आणि रेझोल्युशन? तेच ठेवलं. मुद्दाम. कारण फोनमध्ये ॲपची अक्षरं एकदा काढली की काम संपतं, इथे प्रत्येक पिक्सलचं ऊन-सावली-धूर दर फ्रेमला नव्याने काढायचं असतं, पिक्सल दुप्पट केले की चिपचं काम जवळपास त्याच पटीत वाढतं, आणि सगळं चालायचं पंधरा-वीस वॉटमध्ये.

आणि अंतराचा हिशेब लावा. असं मशीन दोन हातांनी मांडीजवळ धरतो, ४० सेंटीमीटरवर. वरचा भागाकार करा, २१८. डेकचे २१६. उगाच नाही.

एसुस रॉग ॲलाय १०८०पी घेऊन आला, तोही सात इंचात आणि ४० वॉट-अवर बॅटरीवर, त्यामुळे जड गेम लोक पुष्कळदा ७२० किंवा ९०० ला उतरवूनच खेळतात. लेनोवो लिजन गो तर ८.८ इंचात २५६० बाय १६००, म्हणजे डेकच्या बरोबर चौपट पिक्सल. त्यात एक सोय मात्र आहे, गेम १२८० बाय ८०० ला लावला तर एका पिक्सलचे आडवे दोन उभे दोन असे अचूक चार होतात, धूसर होत नाही, पण मग जास्त पिक्सलचे पैसे कशाला दिले हा प्रश्न उरतोच. ज्याला त्याच मशीनवर कॉमिक्स वाचायची, ब्राउझिंग करायचं, त्याला अर्थ आहे. निव्वळ गेमसाठी नाही.

निन्टेन्डोने २०१७ चा स्विच ६.२ इंच ७२०पी दिला आणि २०२१ च्या ओलेडला स्क्रीन सात इंच करून पिक्सल तेवढेच ठेवले, म्हणजे पीपीआय २३७ वरून २१० वर आले, आणि तरी बघणारा प्रत्येक जण नवी स्क्रीन चांगली म्हणतो कारण काळा रंग काळा दिसतो. २०२५ च्या स्विच २ ला ७.९ इंचात १०८०पी केलं, २७९ पीपीआय, तिथे मला वाटतं गोष्ट पुरे झाली. एकच खरी अडचण सांगून ठेवतो, पीसीचे काही गेम मोठ्या मॉनिटरसाठी बनवलेले असतात आणि त्यातली अक्षरं सात इंचावर मुंगीएवढी होतात. हे पिक्सल वाढवून सुटत नाही, गेममध्ये अक्षर मोठं करायची सोय आहे का तेच बघावं लागतं.

पायरी ८: ई-रीडर

इथे भाडं जवळपास नाहीच. ई-रीडरच्या स्क्रीनला, म्हणजे ई-इंकला, पान बदलतानाच वीज लागते, स्थिर पान फुकट उभं राहतं, म्हणून जास्त पिक्सल घेताना हात आखडू नका. साधा किंडल २०२२ पर्यंत १६७ पीपीआयवर होता, त्यावर मराठी पुस्तक लहान अक्षरात वाचणं म्हणजे शिक्षा. २०२२ च्या मॉडेलपासून साध्यालाही ३०० मिळाले. जुना वापरलेला कोणी स्वस्तात देत असेल तर मॉडेल कुठल्या सालचं ते आधी विचारा. रंगीत ई-इंकचा मोह होतोय त्यांनी लक्षात ठेवा, हल्लीच्या रंगीत पॅनलमध्ये काळं-पांढरं ३०० पण रंग १५०, आणि वर रंगाची जाळी बसवलेली असल्याने पान करडं दिसतं. कादंबऱ्याच वाचायच्या तर काळं-पांढरंच घ्या.

पायरी ९: आई-बाबांसाठी घेताना

चाळिशी लागली की जवळचं फोकस होत नाही, चष्मा घरभर शोधायचा आणि तोवर फोन हात लांब करून बघायचा. त्यांना पीपीआयचं काही नाही, त्यांना अक्षर मोठं पाहिजे. आणि अक्षर मोठं केलं की त्या एका अक्षराच्या वाट्याला पिक्सल आपोआप जास्त येतात, एचडी प्लसवर दीडपट केलेला फॉन्ट फुल एचडी प्लसवरच्या नेहमीच्या फॉन्टइतकाच रेखीव येतो. त्यामुळे इथे एचडी प्लस चालतो, वाचलेले पैसे ब्राइटनेसवर घाला. शेतावर, बाजारात, बसस्टॉपवर भर उन्हात फोन बघायचा असतो. फक्त बॉक्सवरचा तो ३०००-४००० निट्सचा (निट हे उजेडाचं माप) "पीक" आकडा एचडीआर व्हिडिओतल्या छोट्याशा भागापुरता असतो, अख्खी स्क्रीन उन्हात किती उजळते तो आकडा वेगळा आणि बराच कमी असतो, तो विचारा. सगळ्यात उत्तम म्हणजे फोन हातात घेऊन दुकानाच्या दारात या, उन्हात धरा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या.

पायरी १०: घेतल्यावर

फोन टूकेचा घेतलाच असेल, किंवा भेट मिळाला असेल, तर सेटिंग्ज, डिस्प्ले, स्क्रीन रेझोल्युशन इथे जाऊन फुल एचडी प्लस करा आणि आठवडाभर तसाच राहू द्या. अक्षरात फरक जाणवला तर परत वर न्या, नाही जाणवला तर विसरून जा. बॅटरी दीड दिवस चालेल अशी अपेक्षा ठेवू नका, पॅनलचे पिक्सल तेवढेच पेटतात, चिपचं काम तेवढं हलकं होतं. खरी बचत ब्राइटनेस उतरवून आणि ओलेडवर डार्क मोड लावून होते.

आणि बिल करायच्या आधी त्याच दुकानात एक विचारून ठेवा, ओरिजिनल स्क्रीन फुटली तर बदलायला किती. वरच्या दर्जाच्या पॅनलचा आकडा ऐकून पुष्कळ जणांचा टूकेचा हट्ट काउंटरवरच सुटतो, आणि ज्यांचा सुटत नाही त्यांनी निदान टेम्पर्ड ग्लास आणि बऱ्यापैकी कव्हर तिथेच लावून घ्यावं.